थॅचरबाईंचा स्वेटर

गेल्या शनिवारी भलतंच काहीतरी शोधत असताना एक जुना फोटो हाती लागला आणि माझा अख्खा वीकेंड त्यात गेला.

फोटो जून १९७५ चा, लंडनमधला. मार्गारेट थॅचरबाई कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. अंगात स्वेटर. आणि स्वेटरवर चक्क नऊ युरोपियन देशांचे झेंडे! त्या वेळच्या 'कॉमन मार्केट'च्या सगळ्या सभासद देशांचे. ब्रिटनमध्ये ५ जूनला सार्वमत होतं, आत राहायचं की बाहेर पडायचं. बाई 'राहायचं' या बाजूने प्रचाराला उतरल्या होत्या.

आता माझ्या पिढीच्या डोक्यात थॅचर म्हणजे युरोपच्या नावाने बोटं मोडणारी बाई. ब्रेक्झिटवाल्यांची आद्य देवता. आणि त्या सार्वमतात 'बाहेर पडा' म्हणून घसा कोरडा करणारे कोण होते? टोनी बेन, मायकेल फूट, बार्बरा कासल... म्हणजे मजूर पक्षातली डावी मंडळी. जेरेमी कॉर्बिन नावाच्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणानेही तेव्हा 'बाहेर'लाच मत दिलं होतं.

पहिल्यांदा वाटलं, फोटो कोणीतरी एडिट केला असणार. नाही, खरा आहे.

मग किडा वळवळायला लागला. पुढच्या चाळीस वर्षांत दोन्ही टीम्सनी जर्सी बदलली कशी? त्यांच्या मागे टाळ्या वाजवणारं पब्लिकही बदललं का? आणि कॉमेंट्री करणारे पेपरवाले, त्यांचं काय? जमेल तसं शोधत गेलो. जे सापडलं ते इथे मांडतोय. मी इतिहासाचा माणूस नाही, कोड वाचणारा आहे. त्यामुळे हे थोडंसं जुन्या प्रोजेक्टची हिस्टरी उघडून 'ही ओळ कोणी आणि कधी बदलली' बघण्यासारखं झालंय. चालवून घ्या.

* * *

सुरुवातीपासून सांगतो. १९४६ मध्ये झुरिकला केलेल्या भाषणात चर्चिलनी युरोपच्या संयुक्त संस्थानांची कल्पना मांडली. पण ब्रिटनने त्यात असावं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. तुम्ही घर बांधा, आम्ही वास्तुशांतीला येऊ, असा साधारण मामला. १९५७ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोम करारावर सह्या केल्या. ब्रिटन बाहेरच.

१९६१ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान मॅकमिलन यांनी अर्ज केला. कारण उघड होतं. साम्राज्य हातचं चाललं होतं आणि हे सहा देश भराभर पुढे निघाले होते. मजूर पक्षाचे नेते ह्यू गेटस्केल यांनी १९६२ च्या पक्ष अधिवेशनात कडाडून विरोध केला, ब्रिटनचा हजार वर्षांचा इतिहास संपेल म्हणाले. म्हणजे आज जे वाक्य ऐकलं की आपण 'हा नक्की उजवा' म्हणू, ते मजूर पक्षाच्या व्यासपीठावरून आलेलं आहे. पुढे जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सच्या द गॉलनी थेट 'नाही' म्हटलं आणि विषय संपला.

आता गंमत बघा. १९६७ मध्ये पुन्हा अर्ज कोणी केला? मजूर पक्षाच्याच हॅरॉल्ड विल्सन यांनी! द गॉलनी परत दार लावलं. १९७० मध्ये सत्ता हुजूर पक्षाच्या एडवर्ड हीथ यांच्याकडे गेली, ते बोलणी यशस्वी करून आले, आणि विरोधी बाकांवर बसलेले विल्सन म्हणाले, या अटी आम्हाला मान्य नाहीत.

ज्या माणसाने चार वर्षांपूर्वी स्वतः अर्ज केला होता तो!

२८ ऑक्टोबर १९७१ च्या मतदानात रॉय जेंकिन्स यांच्यासह मजूर पक्षाचे ६९ खासदार पक्षाचा आदेश मोडून सरकारबरोबर गेले. हुजूर पक्षाचे ३९ जण उलट दिशेने गेले. निकाल ३५६ विरुद्ध २४४. जेंकिन्स फुटले नसते तर हीथ यांचं काही खरं नव्हतं. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आत गेला.

थोडक्यात, युरोपचा प्रश्न पक्षांच्या सीमारेषेवर कधी नव्हताच. तो दोन्ही पक्षांच्या मधोमध उभी भेग पाडून जात होता. पक्षाची अधिकृत भूमिका मात्र बऱ्याचदा समोरचा काय म्हणतोय यावर ठरत होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एखादी आयडिया कोणी मांडली हे बघून मत देणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. तोच प्रकार, फक्त देशाच्या पातळीवर.

* * *

विल्सन परत सत्तेवर आले. पक्ष फुटू नये म्हणून त्यांनी सार्वमत घेतलं आणि मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध प्रचार करायची मुभा दिली. निकाल लागला ६७ टक्के 'राहायचं'. सहज.

त्या वेळचे पेपर वाचताना मला खरा धक्का बसला. टाइम्स, गार्डियन, टेलिग्राफ, मिरर हे राहा म्हणत होते, ते एक वेळ समजू शकतो. पण सन, डेली मेल आणि डेली एक्सप्रेस पण! राष्ट्रीय दैनिकांत विरोधात होता तो फक्त कम्युनिस्टांचा मॉर्निंग स्टार. त्यातही डेली एक्सप्रेस म्हणजे लॉर्ड बीव्हरब्रुकचा पेपर. हा माणूस साम्राज्याचा कट्टर भक्त, हयात असेपर्यंत त्याने कॉमन मार्केटला शिव्याच घातल्या. तो १९६४ मध्ये गेला आणि अकरा वर्षांत पेपरने बाजू बदलली. डेली मेलने तर 'बाहेर पडलो तर काय होईल' याचं असं भीतीदायक कल्पनाचित्र छापलं होतं, की दुकानात कॉफी नाही, वाइन नाही, केळी नाहीत.

केळी लक्षात ठेवा. परत येणार आहेत. :)

आणि पैसा? 'राहा'वाल्यांनी साधारण पंधरा लाख पौंड खर्च केले, 'बाहेर'वाल्यांनी सव्वा लाखाच्या थोडे वर. म्हणजे उद्योगपती, बडे पेपर, हुजूर पक्ष, चर्चचे बिशप एका बाजूला. दुसऱ्या बाजूला टोनी बेन आणि एनॉक पॉवेल, म्हणजे डावं टोक आणि उजवं टोक एकाच व्यासपीठाच्या आसपास अवघडून उभे. बेन यांचं म्हणणं साधं होतं: ज्यांना आम्ही निवडून देत नाही आणि ज्यांना आम्ही काढू शकत नाही, त्यांनी आमचे कायदे का करायचे? या प्रश्नात डावं-उजवं काय आहे सांगा बघू. आज मात्र हा प्रश्न विचारला की समोरचा आधी तुमची टीम ओळखून मोकळा होतो.

* * *

१९८३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात सरळ लिहिलं होतं: सत्तेत आलो तर युरोपातून बाहेर. सार्वमत वगैरे काही नाही. पक्ष दणकून आपटला, ६५० पैकी २०९ जागा. पण त्याच जाहीरनाम्यावर एक तरुण वकील पहिल्यांदा खासदार झाला. त्याच्या प्रचारपत्रकातही बाहेर पडण्याची भाषा होती. नाव टोनी ब्लेअर. पुढे हाच माणूस ब्रिटनचा सगळ्यात युरोपप्रेमी पंतप्रधानांपैकी एक झाला. नील किनक यांनी १९७५ मध्ये विरोधात प्रचार केला आणि १९९५ मध्ये ते ब्रसेल्सला युरोपियन कमिशनर म्हणून रुजू झाले.

सगळे ढोंगी? माझं पहिलं मत तेच होतं. पण १९८८ चा सप्टेंबर महिना बघितल्यावर जरा थांबावं लागलं.

८ सप्टेंबर १९८८. बोर्नमथला ब्रिटिश कामगार संघटनांचं अधिवेशन. पाहुणे आहेत युरोपियन कमिशनचे फ्रेंच अध्यक्ष जाक देलोर. समोर बसलेल्यांची अवस्था बघा: थॅचरबाई तीन निवडणुका लागोपाठ जिंकलेल्या, खाणकामगारांचा वर्षभराचा संप १९८५ मध्ये मोडून निघालेला, घरच्या संसदेतून काही मिळायची आशा नाही. आणि हा फ्रेंच माणूस येऊन सांगतो की युरोपची बाजारपेठ एक होणार असेल तर कामगारांचे हक्कही युरोपभर सांभाळले पाहिजेत. वर्षानुवर्षं युरोपला 'भांडवलदारांचा क्लब' म्हणणाऱ्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी 'फ्रेअर जाक' गाणं म्हटलं.

बरोबर बारा दिवसांनी, २० सप्टेंबरला, थॅचरबाईंनी बेल्जियममधल्या ब्रूझला भाषण केलं. सूर असा की आम्ही घरी सरकारचा हस्तक्षेप कमी केला तो ब्रसेल्समधून मागच्या दाराने परत येण्यासाठी नाही.

बारा दिवसांत दोन्ही टीम्सची जर्सी बदलल्याचं चित्र स्पष्ट झालं. पण इथे एक मान्य करायला हवं, की मधल्या काळात वस्तूही बदलली होती. १९७५ चं कॉमन मार्केट म्हणजे मुख्यतः जकात आणि शेतमाल. १९८६ च्या करारानंतर (ज्याला थॅचरबाईंच्याच सरकारची संमती!) बऱ्याच विषयांत एकट्या देशाचा नकाराधिकार गेला आणि बहुमताने निर्णय व्हायला लागले. त्यांना खुली बाजारपेठ हवी होती, ती मिळाली, पण तिच्याबरोबर नियम करणारी यंत्रणाही आली. त्यामुळे मत बदललं ते निव्वळ कळपामुळे असं म्हणणं खोटं होईल. इंजिनियरच्या भाषेत, दोन व्हेरिएबल एकदम बदलले की बग कुठला ते सांगता येत नाही.

* * *

आता पेपरवाले. १ नोव्हेंबर १९९० ला सनच्या पहिल्या पानावर हेडलाइन होती, 'अप युअर्स देलोर'. भाषांतर करत नाही, घरात वडीलधारी माणसं वाचतात. पंधरा वर्षांपूर्वी 'राहा' म्हणणारा हाच पेपर. त्याच दिवशी जेफ्री हाऊ यांनी युरोपच्या मुद्द्यावरून मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि महिन्याच्या आत थॅचरबाईंना पद सोडावं लागलं. १६ सप्टेंबर १९९२ ला युरोपियन विनिमय दराच्या व्यवस्थेतून पौंड बाहेर फेकला गेला. व्याजदर एका दिवसात १० वरून १२, मग १५ टक्के जाहीर, आणि संध्याकाळी सपशेल माघार. 'युरोप म्हणजे आपला अपमान' ही गोष्ट विकायला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता.

याच काळात टेलिग्राफचा ब्रसेल्समधला वार्ताहर होता बोरिस जॉन्सन, १९८९ ते १९९४. त्याआधी एक अवतरण स्वतःच रचल्याबद्दल टाइम्सने त्याला नारळ दिला होता. ब्रसेल्सच्या बातम्या कंटाळवाण्या असतात हे त्याला पहिल्यांदा कळलं. त्याने त्या चमचमीत केल्या. कमिशनचं मुख्यालय सुरुंग लावून पाडणार अशी एक बातमी होती. ती इमारत दुरुस्त होऊन आजही उभी आहे. खुद्द त्यानेच नंतर रेडिओवर कबूल केलं, की भिंतीपलीकडे दगड टाकायचा आणि शेजारच्या काचघराचा खळकन आवाज ऐकायचा, असं ते काम होतं.

आणि हो, केळी. १९९४ च्या एका नियमात म्हटलंय की केळ्यात 'अनैसर्गिक वाक' नसावा. झालं! 'ब्रसेल्स वाकड्या केळ्यांवर बंदी घालणार.' प्रत्यक्षात तो प्रतवारीचा नियम होता. केळी किमान १४ सेंटीमीटर लांब, वरचा दर्जा, पहिला, दुसरा... आणि दुसऱ्या दर्जात आकाराचे दोष चालतात. हापूसची पेटी न उघडता फोनवर सौदा करणाऱ्या वाशीच्या व्यापाऱ्याला ही कल्पना एका मिनिटात कळेल. पण 'प्रतवारीचे समान निकष निश्चित' या हेडलाइनवर कोण पेपर विकत घेणार?

हापूसवरून आठवलं, आपलाही यात एक धडा आहे. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतातून येणाऱ्या आंब्यांवर आणि अळू, कारली, वांगी, पडवळ यांवर बंदी घातली. कारण फळमाशी. ऐन सीझनमध्ये कोकणातल्या बागायतदारांचे आणि लंडनमधल्या भारतीय दुकानदारांचे वांधे झाले. तिथल्या भारतीयांनी 'ब्रसेल्स'ला भरपूर शिव्या घातल्या. पण ब्रिटनच्याच कृषी खात्याने बंदीचं समर्थन केलं होतं, आपल्या काचघरातले टोमॅटो-काकडी वाचवण्यासाठी! जानेवारी २०१५ मध्ये आंब्यांवरची बंदी उठली. निर्णय आपल्याच सरकारला हवा असतो आणि पावती दुसऱ्याच्या नावावर फाटते. ही सोय लंडनच्या दोन्ही पक्षांनी चाळीस वर्षं वापरली. सवय झाली होती म्हणा ना.

मात्र पेपरांनी लोकांची डोकी फिरवली, एवढं सोपंही ते नाही. २०१६ मध्ये सन म्हणाला बाहेर पडा, त्याच मालकाचा टाइम्स म्हणाला राहा. डेली मेल बाहेर, त्याच घरातला मेल ऑन संडे आत. एकाच मालकाच्या दोन दुकानांत दोन माल! पेपर वाचकाला ओढतो तसा वाचकही पेपरला ओढतो. ज्या गिऱ्हाइकाला जे हवं ते त्याच्या टेबलावर.

* * *

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट राजकारणातली नाहीच आहे.

हेन्री ताजफेल नावाचा एक पोलिश ज्यू तरुण दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता. जर्मनांच्या कैदेत गेला म्हणून वाचला. परत आला तेव्हा घरची जवळजवळ सगळी माणसं मारली गेलेली होती. पुढे तो मानसशास्त्रज्ञ झाला, ब्रिस्टलला प्राध्यापक झाला. १९७० च्या सुमारास, म्हणजे हीथ-विल्सन भांडत होते तेव्हाच, त्याने ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. मुलांना चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुला क्ली हा चित्रकार आवडतो, तुला कँडिन्स्की. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला इतरांमध्ये पैसे वाटायला सांगितलं. स्वतःला एक पेनीसुद्धा मिळणार नाही.

मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे अपेक्षितच. पण पुढचं ऐका. आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळतील असा पर्याय उपलब्ध असतानाही अनेकांनी असा पर्याय निवडला ज्यात आपल्याला थोडे कमी मिळतील, पण त्यांच्यापेक्षा आपण जास्त पुढे असू.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि चहा करायला गेलो.

* * *

२०१६ च्या त्या सार्वमताच्या वेळी माझा मावसभाऊ ऑनसाइट होता, लंडनजवळ. एक दिवस घरी फोन. "अरे, मला मतदानाचं कार्ड आलंय!" आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. पण नियमच तसा होता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं, म्हणजे वर्क व्हिसावर आलेल्या पुण्याच्या पोरालाही. त्याच्या शेजारच्या डेस्कवर एक पोलिश बाई बसायची, दहा वर्षं तिथे राहिलेली, मुलं तिथल्या शाळेत. तिला मत नव्हतं. जिच्या आयुष्याचा निकाल लागणार होता ती बघत बसणार, आणि ज्याचं प्रोजेक्ट डिसेंबरमध्ये संपणार तो मत देणार.

२३ जूनला ७२ टक्के मतदान झालं. बाहेर पडायच्या बाजूने ५१.९ टक्के, राहायच्या बाजूने ४८.१.

गेल्या दिवाळीत मी दादाला विचारलं, "तू कोणाला दिलंस रे मत?"

"राहायचं," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "खरं सांगू? मी काही वाचलं नव्हतं. आमच्या पँट्रीत जेवायला बसणारे सगळे 'राहा'वाले होते. खालच्या वेअरहाऊसमध्ये असतो तर दुसरीकडे शिक्का मारला असता."

"आणि ती पोलिश बाई?"

"निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना चहा करून दिला. कोणी काही बोललं नाही."

मी त्याला हसू शकलो नाही. कारण मी तर तिथे नव्हतोच, तरी माझं पक्कं मत होतं. 'बाहेर'वाले सगळे अडाणी आणि वंशद्वेष्टे, असं मी कॉलेजच्या कट्ट्यावर ठणकावून सांगायचो. कुठून आलं होतं ते? मी जे दोन पेपर वाचायचो तिथून. रोम कराराची एक ओळ वाचली नव्हती. टोनी बेन हे नावसुद्धा माहीत नव्हतं. माझ्या बाजूचा माणूस सांगतोय म्हणजे बरोबर, एवढाच माझा अभ्यास.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला. सार्वमतानंतर तिथल्या संशोधकांना दिसलं, की लोक स्वतःची ओळख पक्षापेक्षा 'राहा'वाला की 'बाहेर'वाला अशी जास्त सांगायला लागले होते. आणि मजूर पक्ष २०२४ मध्ये सत्तेवर आला तो जाहीरनाम्यात 'सिंगल मार्केटमध्ये परत जाणार नाही, कस्टम्स युनियनमध्ये नाही' असं लिहून. चक्र अजून फिरतंच आहे.

एवढं सगळं वाचून मी स्वतःपुरता एक छोटा नियम केलाय. एखाद्या प्रश्नावर हिरिरीने बोलायच्या आधी स्वतःला विचारायचं: हाच मुद्दा, हेच आकडे, समोरच्या टीमच्या माणसाने मांडले असते तर माझं मत हेच असतं का? दर वेळी उत्तर सोयीचं येतं असं नाही. गेल्या आठवड्यात दोनदा गप्प बसावं लागलं, एकदा तर घरच्या ग्रुपवर बाबांसमोर.

असो. थॅचरबाईंचा तो फोटो सध्या माझ्या डेस्कटॉपवर आहे. रोज सकाळी मशीन चालू केलं की नऊ झेंडे दिसतात. शेजारचा विचारतो, "काय रे, फॅन झालास की काय बाईंचा?"

त्याला वाटतंय मी टीम बदलली.